मोगऱ्याच्या रांगेतलं इंग्रजी

दामूसरांना खोटं वाक्य चालत नसे. इंग्रजीचा नवा शब्द दिला की तो वापरून वाक्य करायचं, आणि ते वाक्य आपल्या घरातलं, खरं असायला हवं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ‘रिलक्टंट’ दिला. रिलक्टंट म्हणजे नाखूश. मी ‘द बॉय इज रिलक्टंट’ म्हणून मोकळी झाले. सर मोगऱ्याच्या झाडाआडून म्हणाले, “कुठला बॉय? तुमच्याकडे बॉय आहे?” आमच्या घरी आम्ही दोघी बहिणीच. मग मी म्हटलं, “माय फादर इज रिलक्टंट टू लेट मी ट्राय अगेन.” मला पुन्हा बँकेच्या परीक्षेला बसू द्यायला वडील नाखूश आहेत. सरांचा हात क्षणभर थांबला. “हां. आता हा शब्द तुला सोडून जायचा नाही,” एवढं बोलून ते पुढच्या झाडाकडे सरकले.

निर्मळ गावात त्यांची वाडी होती. पुढे मोगरा, मागे केळी, कडेला विहीर आणि पंपाची खोली. क्लास असा नव्हताच. फळा नाही, बाक नाही, फी नाही. फीचं विचारलं की म्हणत, “हात चालू ठेव.” मोगऱ्याची कळी उमलायच्या आत खुडावी लागते, म्हणून आम्ही चार-पाच जण सकाळी साडेपाचलाच हजर. मी गास गावाहून स्कूटरवर यायचे. रांगेच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला आपण. दर झाडाला एक शब्द, आणि झाड खुडून संपायच्या आत त्याचं वाक्य. या पद्धतीने सरांना आमच्या प्रत्येकाच्या घरातलं सगळं कळलेलं होतं. कुणाच्या भावाचं कुणाशी पटत नाही, कुणाची आई गुडघ्याने बेजार आहे, सगळं इंग्रजीतून. एकदा नितीन नावाच्या मुलाने मोठ्या आवाजात ‘माय अंकल इज अ बर्डन’ असं वाक्य ठोकलं. ते काका सरांकडे केळीची रोपं न्यायला आले होते आणि मागेच उभे होते. बर्डन म्हणजे ओझं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. त्यानंतर नितीन आठवडाभर आला नाही.

“शब्दाशी नुसती ओळख पुरत नाही, सोयरीक करावी लागते,” असं सर म्हणत. याद्या घोकणाऱ्यांचा त्यांना वैताग यायचा. व्याकरणाचंही तेच. नियम ते शेवटी सांगायचे, तोवर तीस वाक्यं आमच्या तोंडून काढून घेतलेली असायची. फुलं बांधायला रद्दीतले इंग्रजी पेपर यायचे, ते सर आधी वाचायचे आणि मगच पुडे बांधायला द्यायचे. काकू, म्हणजे सरांची बायको, चिंचोटीकडच्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. त्या ओट्यावरून ओरडायच्या, “आवो, पेपर नंतर वाचा! फुलांची गाडी काय तुमच्यासाटी थांबनार हाय?”

एवढं इंग्रजी येणारा माणूस वाडीत का, हा प्रश्न मला पडलाच होता. एक दिवस सरांनी आपणहून सांगितलं. बँकेच्या परीक्षा त्यांनी वय संपेपर्यंत दिल्या. इंग्रजीत त्यांच्या पुढे कुणी जात नसे. गणितात मात्र जे येत नाही तेही सोडवून टाकायचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापतात हे माहीत असूनसुद्धा. “इंग्रजीत कमावलं ते गणितात घालवलं. दर वेळी थोडक्यात. कोरा प्रश्न मागे ठेवून पुढे जाववत नाही गं,” सर म्हणाले. त्यात रडगाणं नव्हतं. विहिरीचं पाणी यंदा खाली गेलंय, हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

आम्हा वाडीवाल्यांचा हा रोगच आहे. झाड खुडायचं तर पूर्ण. एक कळी राहिली की दुपारी ती उमलते, पांढरीशुभ्र, आणि घरातलं कुणी तरी ती बघून विचारतंच, आज खुडायला कोण होतं? लहानपणापासून ही बोलणी खाल्लेली. मग परीक्षेत स्क्रीनवर न सोडवलेला प्रश्न दिसला की तसाच ओशाळेपणा वाटतो आणि बोट आपोआप कुठल्या तरी पर्यायावर जातं. मी दोनदा अशीच पडले होते. आता वयात बसणारी एकच परीक्षा उरली होती. ती हुकली की बाबांनी सांगितल्याप्रमाणे भाजीच्या गाळ्यावर बसायचं, आणि पुस्तकं रद्दीत. खरं सांगायचं तर मी थकून गेले होते. हुकलीच तर सुटू, असंही कधी कधी वाटायचं.

सरांनी माझे सरावाचे पेपर बघितले आणि दुसऱ्या दिवसापासून नवीनच अभ्यास काढला. प्रत्येक झाडावर चार कळ्या ठेवायच्या आणि पुढे जायचं. “तुझं इंग्रजी झालं. आता सोडायला शिक,” म्हणाले. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या झाडापासून मी दोन पावलं गेले आणि परत फिरले. सर ओरडले, “पुढे!” मी पुन्हा परत. “पुढे, पोरी, पुढे!” त्या दिवशी मला चक्क रडू आलं. तिसऱ्या दिवशी जरा जमायला लागलं, तर काकू ओट्यावरून हसत म्हणाल्या, “अगो, मागं वलून बघ जरा. तुला सोडाया सांगतात नि आपन मागनं खुडत येतात!” मी वळून पाहिलं. सरांच्या मुठीत माझ्या सगळ्या कळ्या होत्या. ते वरमले. म्हणाले, “माझं सोड. माझं वय गेलं.”

त्यानंतर मात्र त्यांनी मन घट्ट केलं. महिनाभर वाडीत रोज दुपारी फुलं उमललेली दिसत होती. येणारेजाणारे विचारायचे, दामूभाऊ, तब्येत बरी नाही का? सर ‘बरी आहे’ एवढंच सांगायचे. एका माणसाने माझ्यासाठी आपल्या वाडीची अशी शोभा करून घेतली, हे मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. मला फक्त माझी परीक्षा दिसत होती.

परीक्षेत गणिताचे नऊ प्रश्न मी कोरे सोडले. शेवटची पाच मिनिटं माऊस बाजूला सारून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. बाजूची मुलगी माझ्याकडे विचित्र नजरेने बघत होती. मी पास झाले.

नेमणुकीचं पत्र रजिस्टरने आलं, त्याच दिवशी मी पेढे घेऊन निर्मळला गेले. पत्र पर्समध्ये होतं, कारण तिथून पुढे मला बँकेसाठी फोटो काढायला जायचं होतं. सरांनी पेढा खाल्ला आणि विचारलं, “पत्र आणलंस?” मी काढून दिलं. त्यांनी हात पंचाला पुसले, परत पुसले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागले. “वुई आर प्लीज्ड टू इन्फॉर्म यू...” तिथे थांबले. पुन्हा तेवढंच वाचलं. “पत्रलेखनात हे वाक्य किती पोरांकडून लिहून घेतलं असेल मी. खऱ्या कागदावर आज बघतोय,” म्हणाले.

“बाकीच्यांनी नाही दाखवलं?”

“पेढे आणतात. कागद कुणी आणत नाही.”

मग त्यांनी ते पत्र अखेरपर्यंत वाचलं. प्रोबेशनची अट, बदलीची अट, वैद्यकीय तपासणी, खाली सही करणाऱ्या साहेबाचा हुद्दासुद्धा. काकू मधे एकदा म्हणाल्या, “चा निवला की,” पण त्यांनी ऐकलं नाही. वाचून झाल्यावर पत्राची घडी घातली आणि ती हातातच धरून बसले. शाखा कुठली, जायचं कसं, डबा कोण देणार, असं एकेक विचारत राहिले. मला उशीर होत होता. शेवटी मीच म्हटलं, “सर, ते ओरिजिनल आहे. उद्या जमा करायचंय.”

“अरे हो, हो. घे ना,” सर गडबडून म्हणाले, आणि पत्र त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

सर गेल्या वर्षी वारले. नोकरी लागल्यावर माझं निर्मळला जाणं दोनदा झालं असेल, तेही घाईघाईत. आता दिवसभर मी काउंटरवर बसून समोरच्या माणसाला सांगत असते, झेरॉक्स जोडा, दोन प्रती जोडा. सरांच्या वाडीपासून नाक्यावरचं झेरॉक्सचं दुकान दोन मिनिटांवर होतं. त्यांच्यासाठी त्या पत्राची एक प्रत काढावी, हे मला सुचलं नाही.