डाव्या हाताचा कडा

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. एकदा बहिणीपाशी सुरुवात केली होती, पण दोन वाक्यांतच भाजीच्या भावावर आले आणि ते राहून गेलं. आज तुम्हाला सांगते. नीट पहिल्यापासून सांगायचं ठरवलंय, पण पहिलं नेमकं कुठलं धरायचं? तिथेच माझा गोंधळ होतो.

भोयर काकांपासून धरते. मनीषनगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, आम्ही दुसऱ्या. काकू गेल्या होत्या, मुलगा प्रशांत पुण्याला. काका रेल्वेत गार्ड होते. नागपूरहून छिंदवाड्याला जी छोटी लाइन जायची, तिच्यावर त्यांची अर्धी नोकरी गेली. ती लाइन आता नाही, तिथे मोठी लाइन झाली. काकांना त्याचं वाईट वाटायचं असं नाही — म्हणजे ते तसं बोलून दाखवायचे नाहीत. पण एक दिवस त्यांनी मागच्या खोलीत पलंगाएवढा प्लायवूड टाकला आणि त्यावर छोटे रूळ बसवायला घेतले. प्रशांतने इंजिन आणि चार डबे पाठवले होते.

आणि मग ते आमच्या दारात आले. मी शाळेतून ड्रॉइंग टीचर म्हणून नुकतीच रिटायर झाले होते.

"मॅडम, रूळ तं टाकले मी," ते म्हणाले. "पण डोंगर काही जमत नाही. शेणाचा ढीग दिसून राहिला. तुमी पाहता का जरा?"

मी पाहिलं. खरंच ढीग होता. मला हसू आलं, त्यांनाही आलं.

त्यांना कुठलाही डोंगर नको होता. रामाकोना स्टेशन सोडलं की सातपुड्याचा घाट लागायचा, त्यात एक वळण होतं. एका बाजूला काळा कडा रुळांवर असा झुकलेला, दुसऱ्या बाजूला दरी. काका म्हणायचे, त्या वळणावर गाडी इतकी हळू व्हायची की डब्यातून हात काढून दगडाला लावता यायचा. तेवढंच वळण त्यांना हवं होतं. त्यासाठी त्यांनी मला एक फोटो दिला. जुना, काळा-पांढरा, कडेला पिवळा पडलेला. शेवटच्या डब्याच्या पायरीवर तरुण काका हातात झेंडी घेऊन उभे, आणि मागे तो कडा.

तीन महिने मी तो डोंगर केला. आधी थर्माकोलचे थर कापून एकावर एक लावले, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी दाबून बसवली, जाळीवर मैद्याच्या खळीत भिजवलेल्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या, आणि त्यावर पीओपी. पीओपी ओला असतानाच सुरीने दगडाच्या भेगा पाडायच्या, वाळला की पातळ काळा रंग वरून सोडायचा. तो आपोआप भेगांत उतरतो आणि दगड एकदम दगड दिसायला लागतो. वाळवलेला चहाचा चोथा मातीला, रंगवलेला लाकडाचा भुसा गवताला. वाळलेल्या गिलक्याच्या, म्हणजे घोसाळ्याच्या, जाळीची झाडं केली, दोन झाडांवर शेंदरी ठिपके दिले — पळस. काका शेजारी स्टुलावर बसून बोलत असायचे. कुठल्या स्टेशनवर कोण मास्तर होता, कुठे बिबट्या दिसला, सगळं. तारीख-वारासकट. त्यांची आठवण फार पक्की होती. हे मी मुद्दाम सांगते आहे. फार पक्की होती.

तीस वर्षं मुलांना सफरचंद आणि सुरई काढायला शिकवल्यावर पहिल्यांदा काहीतरी माझं स्वतःचं होत होतं, असं मला वाटायचं. बिल्डिंगमधली माणसं येऊन बघून जायची. "वा मॅडम, खराच वाटून राहिला," म्हणायची. मी फुलून जायची.

डोंगर झाला त्या दिवशी काकांनी इंजिन सोडलं. गाडी वळणावर आली आणि त्यांनी बटण दाबून थांबवली. मग खाली वाकून कडा निरखला.

"मॅडम," ते म्हणाले, "कडा इकडं नव्हता."

"म्हणजे?"

"छिंदवाड्याकडं जाताना कडा डाव्या हाताले होता. दरी उजवीकडं. तुमी उलटं केलं."

मला क्षणात कळलं काय झालं ते. फोटोवरून बटर पेपरवर आकार काढून घेतला होता आणि थर्माकोलवर उतरवताना कागद पालथा ठेवला होता. आरशात दिसावा तसा अख्खा डोंगर उलटा. ही चूक सातवीतली मुलं करतात. मी त्यांना त्यावरून बोलायची.

तेव्हा म्हणायला हवं होतं ना — काका, चुकलं माझं? काय झालं असतं? ते हसले असते. पण मी म्हणाले, "नाही काका, फोटोत असंच आहे. मी बघूनच केलंय."

"असं?" ते गोंधळले. "मग फोटो द्या बरं, पाहून घेऊ."

फोटो माझ्या खांद्याला लावलेल्या पर्समध्ये होता. मी म्हणाले, "तो तर मी तुम्हाला सोमवारीच परत दिला."

"दिला?"

"हो. तुम्ही टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलात की."

ड्रॉवर. मला ड्रॉवर कुठून सुचला? खोटं बोलायचंच होतं तर नुसतं 'दिला' म्हणून थांबता आलं असतं. पण मी ड्रॉवरही सांगितला, आणि काका उठून गेले आणि त्यांनी तो उघडला. लाइटची बिलं, काकूंचा चष्मा, औषधांच्या चिठ्ठ्या, एकेक बाहेर काढून बघत होते. मी दारात उभी राहून ते बघत होते. पर्सवर हात ठेवून.

माझ्या मनात होतं की दोन दिवसांत विसरतील. विसरले नाहीत. तोच तर त्यांचा स्वभाव होता. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तर म्हणाले, "मॅडम, टीव्हीखालचाच ड्रॉवर म्हटला होता ना? मी कपाटं पण पाहून राहिलो." मग आठवड्याने पुन्हा. एकदा मी फोटो गुपचूप त्यांच्या पुस्तकांत सरकवायचं ठरवून वर गेलेही. पण फोटो सापडला की कडा दिसणार. म्हणून तसाच परत आणला.

त्यानंतर काका बदलायला लागले. गाडी फारशी लावायचे नाहीत. गार्ड असताना प्रत्येक स्टेशनची वेळ वहीत टिपायची सवय होती, तशी एक वही त्यांनी घरात सुरू केली. गॅस बंद केला, साडेसात. गोळी घेतली, आठ. पुढे भिंतीवर चिठ्ठ्या आल्या. बोलताना मधेच थांबून मला विचारायचे, "असंच होतं ना, मॅडम?" — मी जिथे कधी गेलेही नव्हते, त्या स्टेशनांबद्दल.

दिवाळीला प्रशांत आला. चिठ्ठ्या बघून घाबरला. मला जिन्यात गाठून म्हणाला, "काकू, तुम्ही रोज जाता वर. खरं सांगा, बाबा विसरतात का?"

आता तुम्ही म्हणाल, इथे तरी. हो, इथे तरी. तो माझ्याकडे बघत होता, आणि दोघांत फक्त दोन पायऱ्यांचं अंतर होतं. मी म्हणाले, "थोडं होतं तसं. वयच आहे." आणि एवढ्यावर थांबले नाही. म्हणाले, "मी परत दिलेला फोटो त्यांना आठवतच नाही बघ."

कडा उलटा करणं ही चूक होती. फोटो दिला म्हणणं हे खोटं होतं. पण जिन्यात मी जे केलं, त्याला काय म्हणायचं, मला अजून शब्द सापडलेला नाही.

धंतोलीत एका डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मीही सोबत गेले. प्रशांतनेच बोलावलं, बाबांना तुमचा आधार वाटतो म्हणून. डॉक्टरांनी काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला सांगितलं, उलटे आकडे मोजायला लावले. काका प्रत्येक उत्तराआधी माझ्याकडे बघायचे. दोन-तीनदा चुकले. मग प्रशांतने डॉक्टरांना फोटोची गोष्ट सांगितली. काकांनी मान खाली घातली. मी खुर्चीत बसून होते.

डॉक्टर म्हणाले, सुरुवात असू शकते, एकटं ठेवू नका.

इथेच माझं डोकं चालत नाही. ते खरंच विसरायला लागले होते का? त्या वयात लागतातही. एकदा गॅस सुरू राहिला होता, हे खरं आहे. पण तो फोटोच्या आधी की नंतर? मी कितीदा हिशेब लावते आणि दर वेळी वेगळं येतं. कधी वाटतं, त्यांना आजार होताच, माझा फोटो निमित्त. कधी वाटतं, एका पक्क्या माणसाला मी स्वतःच्याच डोक्यावर शंका घ्यायला शिकवलं आणि तो ते फार मन लावून शिकला. यातलं कुठलं खरं, ते मला कळणार नाही. आणि पहिलं खरं असावं असं मला वाटतं, याचीच मला जास्त भीती वाटते.

महिन्याभरात प्रशांत त्यांना पुण्याला घेऊन गेला. फ्लॅट भाड्याने दिला. निघायच्या दिवशी काका आमच्याकडे आले, चहा घेतला नाही, उभ्याउभ्याच बोलले.

"मॅडम, एक सांगायचं होतं. मी मनातल्या मनात तुमच्यावर शक घेतला होता. फोटो तुमच्याचकडं आहे म्हणून. माफ करजा. डोकंच ठिकाणावर नाही माझं."

मी म्हणाले, "असू द्या हो काका." एवढंच.

डोंगर प्रशांतने मला ठेवायला सांगितला. तो आमच्या मागच्या खोलीत आला. आणि मी काय केलं असेल? एका दुपारी करवत घेऊन कडा कापून काढला. नवीन जाळी लावली, पुन्हा पीओपी केला, पुन्हा भेगा पाडल्या आणि कडा डावीकडे बसवला. फोटो समोर ठेवून, या वेळी कागद सुलटा धरून. पंधरा दिवस लागले. कशासाठी, ते विचारू नका, मला सांगता येत नाही. नवऱ्याला सांगितलं, पावसाने भिजून खराब झाला होता.

काकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल होतो. गेल्या महिन्यात झाला. चेहरा उतरलाय, पण बोलतात छान. त्यांची नात शेजारी बसली होती, तिला ते घाटाची गोष्ट सांगत होते. रामाकोना, गाडीचा वेग, दगडाला लागणारा हात, सगळं जागच्या जागी. मग म्हणाले, "आन् मोठा काळा कडा, उजव्या हाताले. विचार या मॅडमले. मी आधी उलटं धरून बसलो होतो, यांनी सुधारून दिलं."

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले.

फोन ठेवल्यावर वाटलं, पुन्हा लावावा का? लावून काय सांगायचं? आता सांगितलं तर ते विश्वास कुणावर ठेवतील, स्वतःवर की माझ्यावर? मी फोन लावला नाही. त्यानंतरही लावलेला नाही.

त्या दिवशी इंजिन थांबवून काका जे म्हणाले, ते बरोबर होतं. ते म्हणाले त्याच क्षणी मला ते कळलं होतं.