माऊजरचं कपाळ

बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात बार क्वचित निघतो, किस्से मात्र रोज निघतात. दौंडला खंडूमामांच्या दुकानात मी नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं नुसता बसून काढली. कुरकुंभच्या कारखान्याची फर्स्ट शिफ्ट सुटली, की थेट मामांच्या बाकड्यावर! बायको म्हणायची, "लायसन न्हाई, बंदूक न्हाई, मग तिथं काय अंडी उबवता व्हय?"

मामा फौजेतले आर्मरर, म्हणजे पलटणीच्या बंदुका सांभाळणारे. रिटायर झाल्यावर रीतसर परवाना काढून दुकान टाकलेलं. दौंड-शिरूर पट्ट्यात कुणाकडे आज्या-पणज्याची जुनी रायफल असली, की ती कधी ना कधी मामांच्या टेबलावर यायचीच. माणूस तापट आणि तोंडाचा फटकळ, पण काय हात होता राव!

*

गिऱ्हाईक दारातूनच सांगायचं, "अस्सल जर्मन माऊजर हाय!" झाडून प्रत्येकाची जर्मनच! मामांचं म्हणणं, माऊजर रायफलीची नक्कल अर्ध्या जगानं केली, कारखान्याचा ठसा बघितल्याशिवाय बोलायचं नाही.

एकदा तळेगाव ढमढेऱ्याचे एक बागायतदार आप्पा आले. मामांनी रॉकेलच्या बोळ्यानं गंज पुसला, भिंग लावलं आणि म्हणाले, "आप्पा, ही स्पेनची."

आप्पांचा चेहरा पडला. "म्हंजी आमचा आज्जा खोटं बोलला?"

"छ्या! घराणं जर्मनच हाय. बाळंतपण स्पेनला झालं, एवढंच!"

आप्पा खूश. पुढं वर्षभर आठवडे बाजारात ते हेच सांगत फिरत होते.

*

दुसरे एक पुढारी रायफल घेऊन आले ती लालभडक! नळी, दस्ता, सगळ्यावर ऑइलपेंट. मामांनी कपाळावर हात मारला.

"ह्ये काय केलंसा?"

"ट्रॅक्टर रंगवून रंग उरला हुता. वाया कशाला घालवायचा?"

"मग बैलाच्या शिंगांना लावायचा की!"

"त्यास्नीबी लावलाय."

तो रंग मामांनी जवळजवळ महिनाभर खरवडला. घाई नाही, कानस नाही. खालून अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता निघाला, त्याच्या रेषा अशा सुंदर, की पुढाऱ्यांनी लाकडावरून हात फिरवला आणि हळूच विचारलं, "ही आमचीच का?"

*

मामांची एक ऐट होती. डोळे मिटून बसायचे. आपण बोल्ट ओढायचा, म्हणजे रायफलीच्या पाठीवरचा मागेपुढे सरकणारा दांडा. नुसत्या आवाजावरून मामा रायफल कुठल्या देशाची ते सांगणार! मी बघितलं तेवढ्या वेळा एकदाही चुकले नाहीत.

एकदा मी गंमत केली. मामांनी डोळे मिटल्यावर दुकानाच्या दाराचीच कडी सरकवली. खर्र... खट!

मामा डोळे न उघडता म्हणाले, "हिला लायसन लागत न्हाई. तेल घाल."

*

दसरा झाला, की मात्र मामांपुढे उभं राहायची सोय नव्हती. शस्त्रपूजेला लोक नेमकं बोल्टवर हळदकुंकू वाहणार, वर नारळाचं पाणी शिंपडणार. आठवड्यात गंज! मामा ज्याला त्याला फाडून खायचे. "पूजा करताय का लोणचं घालताय?"

एका वर्षी एक म्हातारी मुलाबरोबर आली होती. तिनं शांतपणे विचारलं, "मग लेकरा, हिचं कपाळ कुठं असतंय त्ये तरी सांग."

मामांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. मग दस्त्याच्या लाकडावर बोट ठेवून म्हणाले, "हितं." तेव्हापासून तेच सगळ्यांना दाखवायचे. तरी कुणी ऐकलं तर शपथ!

*

आता कासुर्डीच्या तुकादादाचं सांगतो. त्याचा धाकटा भाऊ संपत माझ्याच शिफ्टला होता. वडील, म्हणजे आबा, गेले, वाटणी झाली आणि भांडण अडलं ते वडिलांच्या रायफलीवर. लायसन दादाच्या नावावर झालं, तर संपत रागानं बोल्ट काढून घेऊन गेला. बोल्टविना रायफल म्हणजे नुसती काठी! तेव्हापासून एका बांधावर राहून दोघांचं बोलणं बंद.

पुढं काही वर्षांनी लायसनच्या तपासणीची वेळ आली. रायफल पूर्ण दाखवायची, नाहीतर सरकारजमा. दादा मामांकडे आला. "कुठलाबी जुना बोल्ट बसवा."

मामांकडे बोल्टचा डबा भरलेला होता, पण हात लावला नाही. "रायफलीचा अन् बोल्टचा नंबर जुळला पायजे."

"नंबर कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"मग जाऊ द्या जमा. मी त्याच्या दारात जायाचा न्हाई."

मामांनी रायफल ठेवून घेतली, त्याला शनिवारी यायला सांगितलं, आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी काय समजायचं ते समजलो. कँटीनमध्ये संपतला सांगितलं, "आबांची रायफल जमा व्हणार हाय." संपत जेवणाचा डबा तसाच झाकून उठला.

शनिवारी दादा बाकड्यावर बसला होता, आणि संपत दारात आला. हातात फडक्याचं गाठोडं. दादाकडे न बघता त्यानं ते टेबलावर ठेवलं. मामांनी गाठ सोडली.

बोल्टवर हळदकुंकवाचे थर! वर्षावर वर्षं चढलेले. मामांनी ओरडायला श्वास घेतला, आणि त्यांची नजर दादाच्या रायफलीवर गेली. जिथं बोल्ट बसतो, त्या रिकाम्या खाचेतही तसंच कुंकू साचलेलं.

मामांनी श्वास सोडला. भिंगाखाली दोन्ही नंबर बघितले आणि बोल्ट आत सरकवला. खट.

दादा म्हणाला, "मामा, कुकू पुसायचं ऱ्हायलं की."

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले.

दादा उठला. रायफल उचलली, दारापर्यंत गेला, थांबला. मग ती संपतपुढे केली.

"धर जरा. मी गाडीला किक मारतो."