तिथीची पाऊणपट

माझे सासरे गणिताचे मास्तर. जूचंद्रमधल्या निम्म्या घरांना पाढे त्यांनी शिकवले आणि निवृत्त झाल्यावर खाडीकाठी ठाण मांडलं.

मी घाटावरची. बाजारात मासा मिळत असताना गळ टाकून तासन्‌तास बसण्याला माझ्या माहेरी रिकामपणाचा उद्योग म्हणाले असते. मीही मनातल्या मनात तेच म्हणायचे. मग एकदा मिठागराच्या बांधावर त्यांना डबा द्यायला गेले. ज्यांच्या आवाजाने वर्गातली पोरं चळाचळा कापायची, ते बाबा तिथे इतके गप्प होते की शेजारी बगळा निवांत चालत होता. त्यांनी बोटानेच मला बसायची खूण केली. मी बसले आणि मग दर रविवारी बसायला लागले.

घड्याळापेक्षा त्यांचा भरवसा तिथीवर. "तिथीची पाऊनपट कर, भरतीची वेळ आली हातात," असं ते सांगायचे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. पाऊणकीचा पाढा नको नको म्हणणाऱ्या पोरांनाही त्यांनी तो असाच पाठ करवला होता. वर्गात त्यांचा आणखी एक नियम होता. फळ्यावर मास्तर चुकले तर मास्तरांनी ते सगळ्यांसमोर कबूल करायचं. सरळच सांगते, मला हा माणूस फार आवडायचा.

पुढे बांधावर पाय घसरून ते पडले. हाड वाचलं, पण माझ्या नवऱ्याने गळ माळ्यावर टाकले. त्याचंही चुकलं नव्हतं, बाबा अलीकडे विसरायला लागले होते. ते भांडले नाहीत. जेवण मात्र निम्म्यावर आलं. शेवटी मी नवऱ्याच्या मागेच लागले, मी बरोबर जाईन म्हटलं.

"ठीक आहे," तो म्हणाला, "पण काही गडबड झाली तर पुन्हा खाडीचं नाव काढायचं नाही."

त्या रविवारी बाबा म्हणाले, "आज अष्टमी. संध्याकाळी सहाला पानी." आम्ही वेळेवर पोचलो. समोर नुसता चिखल. बाबा गळ धरून उभे राहिले, पाण्याची वाट बघत. थोड्या वेळाने तुंगारेश्वराच्या डोंगरामागून चंद्र वर आला, अख्खा गोल.

"पुनव," बाबा हळूच म्हणाले. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती दुपारीच येऊन ओसरली होती.

घरी काय सांगायचं ते मी रिक्षातच ठरवून टाकलं. नवऱ्याने दार उघडलं आणि विचारलं, "मिळालं काही?"

"आज मासाच नव्हता," मी म्हटलं.

बाबा चपला काढत होते. "मासा कसा असंल? पानीच नव्हतं," ते म्हणाले. "पुनवेला मी अष्टमी म्हटली. चूक माझी." आणि त्यांनी स्वतःच गळ मुलाच्या हातात दिले.

गळ आता परत मिळणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझं खोटं त्यांच्या सोयीचं होतं, तरी त्यांनी ते चालू दिलं नाही. मला रडूच आलं.

नवरा गळ धरून तसाच उभा राहिला. लहानपणी तोही त्यांच्याच वर्गात बसलेला. मग म्हणाला, "बाबा, तिथी हिने सांगायची. पाऊणपट तुम्ही करा." गळ त्याने दारामागे ठेवले.

तेव्हापासून रोज सकाळी मी कॅलेंडर बघून तिथी सांगायची आणि बाबांनी वेळ. पुढे ते माझं नाव विसरले, अंथरुणाला खिळले, पण पाऊणकी शेवटपर्यंत चुकली नाही.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. मी सवयीने अजून तिथी मोठ्याने म्हणते. उत्तर येत नाही तेव्हा घर खायला उठतं. गेल्या रविवारीही म्हटलं, "षष्ठी."

"साडेचार," आतल्या खोलीतून नवरा म्हणाला. "चारला निघू."