बारमाही फूल

अंबड रस्त्यावरच्या नर्सरीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या खिशात कायम डिंकाची ट्यूब असते. बोटभर निवडुंगाच्या डोक्यावर तो सुकवून रंगवलेलं फूल चिकटवतो, वर दोन थेंब पाणी शिंपडतो आणि ताजं म्हणून विकतो.

"दादा, दिवाळीत नेलेलं फूल अजून तसंच टवटवीत आहे," मी एकदा मुद्दाम म्हणाले.

"मंग तक्रार काय, मॅडम? टिकलं ना बराबर!"

परवा एका निवडुंगाला खरोखरच फूल आलं होतं, गुलाबी, नाजूक. मी हट्टानं तीच कुंडी मागितली. त्यानं ते फूल अलगद खुडलं, त्या जागी रंगवलेलं चिकटवलं आणि कुंडी माझ्यापुढे सरकवली.

"अहो, ते खरं होतं!"

"म्हणून तर काढलं. उद्या मान टाकली असती, की तुम्ही आल्या असत्या भांडायला."

खुडलेलं फूल त्यानं भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोला वाहिलं आणि डोळे मिटून हात जोडले.

"मग देवालाही चिकटवायचंच फूल वाहायचं ना!" मी चिडून म्हणाले.

त्यानं जीभ चावली, दोन्ही कान पकडले. "काय मॅडम! देवाला फसवू का?"