बदलीवरचा भिकू

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही भिकूला ओळखत नाही — म्हणून असेल.

भिकू आमच्याच वाडीतला, पालीच्या अलीकडचा. मुंबईला रेसच्या घोड्यांच्या पागेत त्याला मीच लावला. घोडे घासायचे, चारायचे, फिरवायचे. शिमग्याला रजा कुठली? मग आपसात बदली — यंदा मी पालखी नाचवायला गावी, त्याने स्वतःची आठवड्याची सुट्टी घालवून माझं काम करायचं. हजेरीत नाव माझं. पुढच्या शिमग्याला उलट. पागेतले सगळेच कोकणी असं करायचे. साहेबांना पत्ता नसायचा.

त्या शिमग्याला पाळी माझी होती. मी इकडे पालखी खांद्यावर घेऊन नाचत होतो, तिकडे माझ्या घोडीने लाथ घालून भिकूच्या गुडघ्याचा चुरा केला.

कामावर जखमी झालेल्यांसाठी तिथे कल्याण निधी होता. औषधपाणी, भरपाई, पाय कायमचा गेला तर दरमहा काहीतरी. भिकूने इस्पितळातल्या खाटेवरून बदलीचं खरं ते सांगितलं. साहेबांनी मला विचारलं. मी हो म्हटलं असतं तर? चार शिव्या, आठवडाभर घरी. बस्स. पण — कसं सांगू — घोडी माझी, आणि कान टवकारायची ती भिकूच्या पावलांना. घोडीचा मालकही आला की आधी भिकू कुठाय विचारायचा. मी लावलेला माणूस, आणि ह्याचं कौतुक! जळायचो मी. दुसरं काय?

"बदली कसली, साहेब? मी कामावरच होतो. हा सुट्टीचा उगाच घोडीला छेडायला आला."

'छेडायला' हा शब्द मी घरून ठरवून नेला होता. बाकीचे गप्प राहिले, त्यांच्याही बदल्या होत्याच. बाहेर येऊन मी चहा प्यालो. बरं वाटलं — खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

निधीने हात वर केले. भिकूला म्हटलं, लय भांडलो रे, ऐकतच नाहीत. त्याला गावी आणून सोडला तोही मीच. आता त्याची बायको दुसऱ्यांच्या बागेत आंब्याच्या पेट्या भरते.

यंदाही पालखी त्याच्या घरापुढच्या खळ्यात आली. भिकू खुर्चीवर बसलेला, पाय लाकडासारखा पुढे. पालखीला खांदा माझा होता.

"ह्यो माज्यासाठी सायबांशी भांडलेला," तो सगळ्यांना म्हणाला. "माज्या वाटचं ह्यालाच नाचू द्या."

मी नाचलो.