तुळशीरामचा उजवा पाय

तुळशीराम शेजारी बसला की त्याचा उजवा पाय खालच्या फळीवर दाबला जायचा. मोटार चालवणारा मी, ब्रेक माझ्या पायाखाली, आणि डाव्या बाजूला बसलेला हा गृहस्थ रिकाम्या जागी ब्रेक दाबतोय! वळण आलं की दाबला, म्हैस आडवी आली की दाबला, समोर नुसता धुरळा दिसला तरी दाबला. काथ्याच्या चटईला तिथं रुपयाएवढं भोक पडलं होतं. एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, तो पाय जरा स्वस्थ ठेवा की! माझ्यावर तुमचा काडीचा भरवसा नाही का?"

तो शांतपणे म्हणाला, "मले भरोसा हाय वकीलसाहेब. पायाले नाही."

मी तेव्हा बुलढाण्याला वकिली करत होतो. वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपूरहून चालायचा, त्यामुळे अपिलांसाठी नागपूर गाठावं लागे आणि त्यासाठी आधी राजूरचा घाट उतरून मलकापूरचं स्टेशन. विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून मी त्याची जुनी मोटार घेतली आणि मोटारीबरोबर तुळशीरामही माझ्याकडे आला. घाटाखालच्या मोताळ्याजवळच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला लॉऱ्या चालवून आलेला. तिथली खाकी टोपी त्याच्या डोक्यावरून कधी उतरत नसे. बायको लवकर गेली होती. यमुना नावाची एकुलती एक मुलगी त्यानं एकट्यानं वाढवली आणि मोताळ्याला दिली. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा माणूस, पण नोकर म्हणून सुरुवातीला मी त्याला अरेतुरे करायचो आणि त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं.

मोटार चालवायला मीही शिकलो होतो. म्हणजे घरापासून कोर्टापर्यंत. दीड मैलाचा सपाट रस्ता, त्यात मी दहा वेळा हॉर्न वाजवायचो, आणि कोर्टाच्या आवारात उतरताना बाररूमच्या खिडकीत कोण कोण बघतंय हे हळूच पाहून घ्यायचो. बायको म्हणायची, "एवढी ऐट कशाला? घाट लागला की तुळशीरामच्या हातात देता ना चाक?" खरंच होतं ते. राजूरचा घाट आला की मी मागच्या सीटवर जाऊन कागद वाचत बसायचो. खरं सांगायचं तर कागद वाचण्याचं सोंग करायचो, खिडकीबाहेर दरी दिसू नये म्हणून.

मग तो दिवस आला. मागच्या एका टायरला ठिगळ होतं, म्हणून मीच तुळशीरामला नवा टायर आणायला अकोल्याला पाठवलं होतं. दुपारी बाराच्या सुमाराला यमुनेचा दीर सायकल ढकलत घाट चढून माझ्या दारात आला. घामानं निथळत होता. "वहिनी अडली हाय साहेब. दाई म्हणते बुलढाण्याच्या दवाखान्यात न्या. प्रवाशांची सर्व्हिस मोटार सकाळीच निंगून गेली. तुमची मोटार द्या."

"तू पुढे हो," मी म्हणालो, "मी आलोच मागोमाग."

तो सायकलीवर बसून उतारानं सुसाट खाली गेला आणि घरच्यांना सांगून मोकळा झाला, की वकीलसाहेब मोटार घेऊन येताहेत.

मी निघालोही. घाटाच्या तोंडाशी एक पळस आहे, तिथं रस्ता जरा रुंद आहे. तिथवर आलो. खाली पहिलं वळण दिसत होतं आणि त्याच्यापुढे काहीच दिसत नव्हतं. मी ब्रेकवर पाय ठेवून किती वेळ बसलो, देव जाणे. मी मोटार वळवली आणि घरी आलो. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं, "घाटाच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. कसंबसं परत आणलं." कोर्टात आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडलं मी. स्वतःचं मात्र कुणी पकडलं नाही, असं तेव्हा वाटलं.

मोताळ्याला ते मोटारीची वाट बघत राहिले. मी तोंडावर नाही म्हटलं असतं तर त्यांनी एक-दीडलाच बैलगाडी जुंपली असती. ती जुंपली चार वाजता. घाटाच्या तिसऱ्या वळणावर यमुना गेली. पोटातलं लेकरूही गेलं.

दुसऱ्या दिवशी तुळशीराम नवा टायर घेऊन, वाटेत मोताळ्याला न थांबता, घाट चढून वर आला तेव्हा त्याला हे कळलं. मी त्याला इंजिनाचं सांगितलं. त्यानं "हाव" एवढंच म्हटलं, टायर ओसरीत ठेवला आणि मोताळ्याला गेला.

तेरावं झाल्यावर परत आला. डोक्याचे केस काढलेले, त्यावर तीच टोपी. मला वाटलं हिशेब मागेल, नाहीतर नोकरी सोडतो म्हणेल. तो म्हणाला, "वकीलसाहेब, घाट शिकून घ्या."

"अरे, मला येते की मोटार."

"सपाटीवर येते. सपाटीवर बैलालेही येते. चला."

पहिले दोन दिवस त्यानं मला मोटारीला हातच लावू दिला नाही. वरून खालपर्यंत घाट पायी चालवला. कुठं खडी सुटते, कुठं पाणी झिरपतं, कुठल्या वळणावर समोरचा हॉर्न ऐकू येतो आणि कुठल्या नाही, सगळं पायांनी शिकायचं. माझे बूट धुळीनं माखले, टाचांना फोड आले. "पायाले माहीत झाला म्हणजे चाकाले माहीत होते," तो म्हणायचा. त्या दुसऱ्या दिवशी घाट चढून येताना माझ्या तोंडून पहिल्यांदा "उस्ताद" निघालं आणि "अहो" निघालं. ते पुढे तसंच राहिलं.

मग चढावर मोटार थांबवून पुन्हा चालू करायची. मागं एक बोट सरकता कामा नये. त्यानं बसऱ्याची ती टोपी काढली आणि मागच्या चाकाला चिकटून जमिनीवर ठेवली. मी हँडब्रेक सोडला, क्लच सोडला, मोटारीनं एक गचका दिला आणि चाक सरळ टोपीवर गेलं. मी खाली उतरलो आणि सुरू झालो, "उतार फार होता, शिवाय क्लच जरा कडक आहे, आणि..."

तो टोपी झटकत म्हणाला, "इथी कोर्ट नाही वकीलसाहेब. काय चुकलं ते तोंडानं बोला."

"हँडब्रेक लवकर सोडला मी."

"हां. आता चूक बाहेर निंगाली. आत राह्यली असती तर पुढच्या वळणावर पुन्हा भेटली असती." आणि चुरगळलेली टोपी पुन्हा चाकामागे ठेवली.

ही त्याची रीत होती. कधी रागावला नाही, आणि "असू द्या, होते असं" हेही कधी म्हणाला नाही. चूक झाली की मोटार थांबवायची, ती तोंडानं बोलायची, मगच पुढे. ब्रेक दाबून दाबून उतरलो आणि ब्रेक तापून वास सुटला तेव्हा म्हणाला, "ज्या गिअरात चढता त्याच गिअरात उतरा. सारा घाट ब्रेकवर उतराल तर नेमका शेवटच्या वळणाले दगा देईन तो." मी बोललो, "गिअर वरचा ठेवला." तो म्हणाला, "चला."

रोज एक तरी चूक मी त्याच्यासमोर बोलत होतो आणि ती एक चूक मात्र आतच राहिलेली. तिसऱ्या वळणावर तो न चुकता टोपी काढून मांडीवर ठेवायचा आणि वळण संपलं की पुन्हा घालायचा. अशा वेळी मी समोरच्या रस्त्याकडे असा बघायचो की जणू मला दुसरं काही दिसतच नाही. आज बोलू, उद्या बोलू. बोलणं हा माझा धंदा, आणि चार शब्द निघत नव्हते! लाज वाटते अजून.

तीन महिन्यांनी मी एकट्यानं मलकापूरला जाऊन आलो. टोपीला चाक लागायचं केव्हाच बंद झालं होतं. पुढं दुसरी लढाई लागली, पेट्रोल रेशनवर आलं, तरी माझी मोटार घाटात कुणाच्या अडचणीला कमी पडली नाही. अडलेल्या बायका, साप चावलेले, कापसाच्या गाडीखाली पाय सापडलेला एक माणूस, सगळे मी वर आणले. लोक नाव घ्यायचे. तुळशीराम शेजारी बसलेला असला की फळीवर पाय दाबायचा, आणि ते कौतुक मला घेववत नसे.

मग त्याची छाती बिघडली. खोकून खोकून अंगातलं बळ गेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मान हलवली. तुळशीराम ते बघत होता. म्हणाला, "मले खाली घेऊन चाला. भावाच्या घरी. उजेडातच चाला, घाट पाहू द्या मले."

मी त्याला शेजारी बसवलं, पाठीला दोन उशा लावल्या. पळसाशी आलो आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मोटार थांबली.

"काऊन थांबले?" त्यानं विचारलं.

"उस्ताद, त्या दिवशी इंजिन बंद पडलं नव्हतं. मी इथवर आलो, मला भीती वाटली आणि मी मागं फिरलो. घरी खोटं बोललो."

तो खाली वळणाकडे बघत होता. "माहीत हाय मले," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी वर येताना चाकाच्या खुणा पाह्यल्या होत्या मी इथी. ठिगळाचा टायर दुसऱ्या कोनाचा असते? धुळीत सारं दिसत होतं, कसे आले, कसे वळले. तेरावं करून आलो, हँडल मारलं तर एका झटक्यात चालू झाली गाडी."

"मग इतकी वर्षं बोललात का नाही?"

"चूक तुमची. मी काऊन बोलू?"

मला रडू आवरेना. मी विचारलं, "मी गेलो असतो तर यमुना वाचली असती का?"

माझ्या बायकोनं सांगितलं असतं, तिचं आयुष्यच तेवढं होतं. बाररूममधल्या कुणीही सांगितलं असतं, वकीलसाहेब, मनाला लावून घेऊ नका. मलाही तेच ऐकायचं होतं. तुळशीरामनं धापा टाकतच माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "हाव. वाचली असती."

आणि पुन्हा वळणाकडे बघत, "चला. पहिला टाका."

मी पहिला गिअर टाकला. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसऱ्याला त्यानं टोपी काढायला हात उचलला, तो वर जाईना, म्हणून मी मोटार थांबवून ती काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. पुढं उतरताना माझी नजर खाली गेली. त्याचा उजवा पाय चटईवर नुसता पडलेला होता. मी घाबरून हाक मारली, "उस्ताद!"

डोळे मिटलेलेच होते. "ओरडून काऊन राह्यले? झोप लागून राह्यली मले. तुम्ही चालवा."

चौथ्या दिवशी तो गेला. त्याला पोचवून मी एकटाच परत निघालो. घाटाच्या पायथ्याशी आलो आणि डाव्या बाजूला चटईवरचं ते भोक दिसलं. मोटार कडेला घेतली आणि लहान मुलासारखा रडलो. मग डोळे पुसले, काय चुकलं होतं ते मोठ्यानं तोंडानं बोललो आणि घाट चढायला लागलो.