आठनंतरचे फोटो

कुलपं दुरुस्त करणाऱ्या काकांचा विश्वास फक्त कुलपांवर होता, आणि तोही दोनदा ओढून बघितल्यावर. नातेवाइकांच्या ग्रुपवर दर रविवारी फोटोंची स्पर्धा चाले. बक्षीस काही नाही, नुसती मजा. पण परीक्षक काका होते आणि रात्री आठनंतर आलेल्या फोटोचे निम्मे गुण ते बिनदिक्कत कापत.

"आधी इतरांचे फोटो बघायचे, मग आपला पाठवायचा. मी काय दूधखुळा आहे?" ते काकूंना ऐकवत.

त्या रविवारी तर झाडून सगळ्यांचे फोटो उशिरा आले. काकांनी सगळ्यांचे गुण कापले. कुणी चकार शब्द काढला नाही, तेव्हा त्यांचा संशय आणखीच बळावला.

"यांचं संगनमत आहे," ते म्हणाले.

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली. "अहो, लोक वेळेवरून फसवतात म्हणून घरातली सगळी घड्याळं तुम्ही पुढे करून ठेवलीत. परवा फोनचंही केलंत. तुमचे आठ वाजून जातात तेव्हा जगाचे वाजायचे असतात."

"मग कुणी बोललं का नाही?"

"गुण बघतंय कोण? सगळे एकमेकांचे फोटो बघतात."

काकांनी मुकाट्याने फोनची वेळ नीट केली आणि कापलेले गुण परत दिले.

पुढच्या रविवारी सगळे फोटो आठच्या आत हजर. काकांनी एकेक फोटो मोठा करून पाहिला, उठून दाराला कडी घातली आणि काकूंकडे रोखून बघितलं.

"सगळेच वेळेवर?" ते हळू आवाजात म्हणाले. "घरातलं कुणीतरी फितूर झालंय."